अमेरिका स्वतंत्र कशी झाली? तेरा वसाहतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकात अमेरिकेचं स्वातंत्र्य दोन परिच्छेदांत उरकतं. चहाच्या पेट्या समुद्रात, मग ४ जुलै, मग वॉशिंग्टन. त्यामुळे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं आणि अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांचे मराठी आईवडील पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. एक गोष्ट मला सुरुवातीलाच सांगायची आहे, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्याभोवती फिरतात: हे भांडण कर किती यावरून नव्हतं, कर लावणारा कोण यावरून होतं. आणि ज्या कंपनीचा चहा बोस्टनमध्ये बुडाला, तीच कंपनी त्या वेळी बंगालवर राज्य करत होती आणि पुण्याच्या राजकारणात हात घालायला निघाली होती.

इंग्रज तिथे मुळात गेले कशाला?

एका कारणासाठी नव्हे. १६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाऊन वसवलं ते एका व्यापारी कंपनीनं, भागधारकांच्या पैशावर, नफ्यासाठी. सोनं सापडेल अशी आशा होती. सापडली दलदल, ताप आणि उपासमार. १६०९-१० च्या हिवाळ्यात तिथल्या सुमारे ५०० माणसांपैकी जेमतेम ६० जगली. वसाहत तगली ती तंबाखूमुळे. जॉन रॉल्फनं चांगल्या जातीची तंबाखू लावली, लंडनच्या बाजारात तिला भाव मिळाला, आणि मग जो तो जमीन मागू लागला.

१६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी प्लिमथला उतरले. त्यांच्यात इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून फुटून निघालेली मंडळी होती. १६३० पासून मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन लोक मोठ्या संख्येनं आले. धार्मिक स्वातंत्र्यासाठी ते आले हे अर्धंच खरं आहे. स्वतःच्या धर्मासाठी त्यांना स्वातंत्र्य हवं होतं, दुसऱ्याला द्यायचं नव्हतं. रॉजर विल्यम्सनं वेगळं मत मांडलं तेव्हा त्याला हाकलून दिलं, आणि १६३६ मध्ये त्यानं ऱ्होड आयलंडची सुरुवात केली. मेरीलँड कॅथलिकांना आसरा म्हणून निघालं, पेनसिल्व्हेनिया क्वेकर पंथाच्या विल्यम पेनला राजाकडून १६८१ मध्ये मिळालं, आणि न्यूयॉर्क तर १६६४ मध्ये डचांकडून हिसकावून घेतलं. शेवटची जॉर्जिया, १७३२ च्या सनदेची.

तेरा वसाहती कोणत्या?

उत्तरेकडे न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, कनेक्टिकट. मधे न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर. दक्षिणेला मेरीलँड, व्हर्जिनिया, उत्तर कॅरोलायना, दक्षिण कॅरोलायना, जॉर्जिया. नावं पाठ करण्यापेक्षा एक लक्षात ठेवा: १७६० पर्यंत यांना एकमेकींशी फारसं देणंघेणं नव्हतं. प्रत्येकीचा खरा व्यवहार लंडनशी होता.

ती जमीन मोकळी होती का?

नाही. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पोव्हाटान या मूलनिवासी प्रमुखाच्या सत्तेखाली अनेक जमाती नांदत होत्या, त्यांची शेती होती, गावं होती. प्लिमथ जिथे वसलं तिथे पटक्सेट नावाचं गाव होतं. युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीनं ते काही वर्षांपूर्वीच ओस पडलं होतं. ‘रिकामी’ जमीन म्हणजे बऱ्याचदा मेलेल्या माणसांची जमीन, हे वाक्य मला प्रत्येक पाठ्यपुस्तकात हवंसं वाटतं. १६७५-७६ मध्ये मेटाकॉमच्या नेतृत्वाखाली न्यू इंग्लंडमधल्या मूलनिवासींनी जीव तोडून लढा दिला. दोन्ही बाजूंची गावंच्या गावं जळाली. शेवटी मेटाकॉम मारला गेला आणि त्याच्या पत्नी-मुलाला गुलाम केलं गेलं.

गुलामगिरी कधीपासून?

१६१९ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाच्या पॉइंट कम्फर्टला वीस-एक आफ्रिकी माणसं विकायला आणली गेली. त्याच वर्षी, महिनाभर आधी, जेम्सटाऊनला वसाहतीची पहिली निवडलेली सभा भरली होती. लोकशाहीची पहिली सभा आणि गुलामांची ही विक्री एकाच उन्हाळ्यातल्या.

सुरुवातीला मळ्यांवर बहुतेक गोरे करारबद्ध मजूर राबत. जहाजाच्या भाड्यापोटी चारपाच, कधी सात वर्षं मालकाकडे काम करायचं, मग सुटका. आपल्याकडच्या गिरमिटियांची आठवण यावी असाच हा प्रकार. आफ्रिकी माणसाला मात्र हळूहळू कायद्यानंच कायमचं बांधलं. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्यानं ठरवलं की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. म्हणजे मालकापासून गुलाम बाईला झालेलं मूल त्याच मालकाची मालमत्ता. स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळी वसाहतींची लोकसंख्या सुमारे २५ लाख होती, आणि त्यातले सुमारे ५ लाख गुलाम होते. दर पाचांत एक.

कारभार लंडनहून चालायचा का?

कागदावर हो. व्यवहारात अटलांटिक ओलांडायला सहा ते आठ आठवडे लागत, आणि तेवढ्या वेळात इथलं काम इथेच उरकलेलं असे. बहुतेक वसाहतींत गव्हर्नर राजाचा, पण निवडलेली सभा वसाहतीची. कर लावायचे तर तिच्या संमतीनं. गव्हर्नरचा पगारसुद्धा अनेक ठिकाणी तीच मंजूर करी, त्यामुळे गव्हर्नरसाहेब फार ताठ राहू शकत नसत. मत देण्याचा हक्क जमीनवाल्या गोऱ्या पुरुषांनाच होता, पण जमीन स्वस्त असल्यामुळे तो इंग्लंडपेक्षा पुष्कळ जास्त लोकांना मिळाला.

व्यापारावर लंडनचे निर्बंध होते. माल इंग्रजी जहाजांतूनच न्यायचा, तंबाखूसारखा माल आधी इंग्लंडलाच पाठवायचा. १७३३ मध्ये परदेशी उसाच्या मळीवर गॅलनला सहा पेन्स जकात बसवली. न्यू इंग्लंडच्या रमच्या भट्ट्या या मळीवर चालत. जकात कुणी भरली नाही, चोरटा व्यापार चालू राहिला आणि जकात अधिकाऱ्यांनी डोळे मिटले. सभांचा कारभार आणि लंडनची डोळेझाक, असं सगळं मिळून जवळपास दीडशे वर्षं चाललं. दीडशे वर्षांत सवयीचा हक्क होतो, आणि पुढे लंडननं हात घातला तो या हक्कात.

मग बिघडलं कुठे?

विजयात. १७५४ मध्ये ओहायोच्या खोऱ्यावरून इंग्रज आणि फ्रेंचांची चकमक उडाली. त्यात व्हर्जिनियाचा २२ वर्षांचा एक अधिकारी होता, जॉर्ज वॉशिंग्टन. तिथून पेटलेलं युद्ध युरोप, कॅरिबियन आणि भारतापर्यंत पसरलं. प्लासी त्याच युद्धाच्या काळातली. १७६३ च्या पॅरिस तहानं फ्रान्सनं कॅनडा सोडला.

ब्रिटन जिंकलं, पण डोक्यावर सुमारे १३ कोटी पौंडांचं कर्ज झालं, युद्धाआधीच्या जवळपास दुप्पट. वर अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक ठेवायचं ठरलं. लंडनचा हिशेब साधा होता: संरक्षण तुमचं, खर्चातला वाटा तुम्ही उचला. हा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता हे मान्य केलं पाहिजे. ब्रिटनमधला माणूस तेव्हा अमेरिकन माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. पण वसाहतींच्या दृष्टीनं फ्रेंच गेले होते, आता सैन्य कुणाविरुद्ध? शिवाय त्याच वर्षी राजानं फर्मान काढलं की अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या पलीकडे वस्ती करायची नाही. मूलनिवासींशी नवी युद्धं टाळण्यासाठी हे होतं. त्यांच्यातल्या पाँटिॲक या सरदाराचा उठाव तेव्हा चालूच होता. ज्या जमिनीसाठी लढलो तीच बंद, असं वसाहतवाल्यांना वाटलं. पश्चिमेकडच्या जमिनीत पैसे गुंतवलेल्या बड्या लोकांत वॉशिंग्टनही होता.

मुद्रांक कायद्याचा एवढा राग का आला?

मुद्रांक म्हटलं की आपल्याला मुद्रांक शुल्क लगेच कळतं. १७६५ चा कायदा तसाच होता: खरेदीखत, मृत्युपत्र, परवाने, वर्तमानपत्रं, पंचांगासारखी वार्षिक पुस्तकं, पत्त्यांचा जोड, अगदी फासेसुद्धा, सगळं सरकारी शिक्का असलेल्या कागदावर. इंग्लंडमध्ये असा कर १६९४ पासून होता.

रागाचं पहिलं कारण, तो वसाहतींच्या सभांना न विचारता पार्लमेंटनं परस्पर लावला. आतापर्यंतची जकात व्यापाराला वळण देण्यासाठी आहे असं समजून लोक गप्प होते, हा कर उघडउघड पैसा उभा करण्यासाठी होता. दुसरं, तो चांदीच्या नाण्यांत भरायचा, आणि वसाहतींत चांदीची कायम चणचण. तिसरं कारण मला सगळ्यांत मजेशीर वाटतं: या कराचा चटका नेमका वकील, छापखानेवाले आणि गुत्तेवाले यांना बसला. एक लिहिणार, एक छापणार आणि एकाकडे लोक जमून ते मोठ्यानं वाचणार.

बोस्टनमध्ये मुद्रांक विकण्यासाठी नेमलेल्या अ‍ॅण्ड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा १४ ऑगस्टला एका एल्मच्या झाडाला लटकवला. तेच पुढे ‘स्वातंत्र्यवृक्ष’ म्हणून प्रसिद्ध झालं. बारा दिवसांनी उपगव्हर्नर टॉमस हचिन्सनचं घर जमावानं पार धुऊन नेलं. ठिकठिकाणच्या मुद्रांक विक्रेत्यांनी भीतीनं राजीनामे दिले. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला एकत्र बसले. एकमेकींना न ओळखणाऱ्या वसाहती एकत्र यायला लागल्या त्या इथून. मार्च १७६६ मध्ये कायदा मागे घेतला, पण त्याच दिवशी पार्लमेंटनं दुसरा ठराव करून ठेवला: वसाहतींसाठी कुठल्याही बाबतीत कायदे करण्याचा आम्हाला पूर्ण हक्क आहे. लोकांनी फटाके उडवले आणि हा दुसरा कागद नीट वाचला नाही.

पार्लमेंटमध्ये चार जागा दिल्या असत्या तर भांडण मिटलं असतं का?

नाही, आणि वसाहतींनी ती मागणी केलीही नव्हती. न्यूयॉर्कच्या त्या बैठकीनं स्पष्ट लिहिलं की अंतरामुळे आमचं प्रतिनिधित्व लंडनमध्ये होऊच शकत नाही, म्हणून कर फक्त आमच्या सभांनीच लावावा. ‘प्रतिनिधित्व नाही तर कर नाही’ याचा अर्थ ‘आम्हाला तिकडे बसवा’ असा नव्हता. ‘आमचं आम्हाला ठरवू द्या’ असा होता. लंडनचं उत्तर असायचं की मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही खासदार नाही, तरी पार्लमेंट सगळ्यांचंच हित पाहतं. अमेरिकनांना हे पटेना.

बोस्टनचं हत्याकांड खरंच हत्याकांड होतं का?

१७६७ मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर नवी जकात आली. बहिष्कार सुरू झाला, जकात अधिकाऱ्यांना मारहाण झाली, आणि १७६८ मध्ये बोस्टनमध्ये सैन्य उतरलं. शहराची वस्ती सुमारे १६,००० आणि रस्तोरस्ती लाल कोट. सैनिकांचा पगार इतका तुटपुंजा की मोकळ्या वेळात ते कमी मजुरीवर कामं घेत, त्यामुळे गोदीतल्या मजुरांशी रोजची हाणामारी.

५ मार्च १७७० च्या रात्री जकात कचेरीसमोरच्या एकट्या पहारेकऱ्याला जमावानं घेरलं. बर्फाचे गोळे, दगड, काठ्या. कॅप्टन प्रेस्टन सात सैनिक घेऊन मदतीला आला. गोंधळात गोळ्या सुटल्या आणि पाच जण मेले. त्यांत क्रिस्पस अ‍ॅटक्स होता, आफ्रिकी आणि मूलनिवासी रक्ताचा खलाशी. पॉल रिव्हिअरनं या प्रसंगाचं चित्र कोरून छापलं. त्यात सैनिक ओळीनं उभे राहून थंडपणे गोळ्या घालताहेत. तसं घडलं नव्हतं, पण चित्र सगळीकडे पोचलं.

या गोष्टीतला मला सगळ्यांत मोठा वाटणारा भाग त्यानंतरचा आहे. सैनिकांचं वकीलपत्र घेतलं जॉन अ‍ॅडम्सनं, जो स्वतः विरोधी बाजूचा होता. शहर खवळलेलं असताना त्यानं प्रेस्टनला आणि सहा सैनिकांना निर्दोष सोडवलं. दोघांवर सदोष मनुष्यवध ठरला आणि त्यांच्या अंगठ्यावर डाग दिला गेला. कायद्यासाठी भांडणाऱ्या माणसानं आपल्या शत्रूलाही कायदा मिळवून दिला. पुढे हाच अ‍ॅडम्स देशाचा दुसरा अध्यक्ष झाला.

योगायोग पाहा: ज्या दिवशी बोस्टनमध्ये गोळ्या सुटल्या, त्याच दिवशी लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थनं जकात उठवण्याचा प्रस्ताव मांडला. सगळी जकात, फक्त चहावरची सोडून. ती हक्काची खूण म्हणून ठेवली, पौंडाला तीन पेन्स.

१७७३ च्या कायद्यानं चहा स्वस्त झाला होता. मग तो बुडवला का?

हा प्रश्न फार चांगला आहे, कारण इथेच सगळं उलगडतं.

ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा बुडायला आली होती. बंगालची दिवाणी मिळाली, पण १७६९-७० च्या भीषण दुष्काळात लाखो माणसं मेली, लष्करी खर्च वाढला, नोकरांनी स्वतःचे खिसे भरले, आणि लंडनच्या गोदामांत लाखो पौंड चहा पडून राहिला. पार्लमेंटनं तिला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं. आणि चहाचा कायदा केला: कंपनीनं लंडनच्या लिलावाऐवजी थेट अमेरिकेत, आपल्या निवडक अडत्यांमार्फत चहा विकावा. इंग्लंडमधलं शुल्क माफ, अमेरिकेतली तीन पेन्स जकात कायम. हा चहा डचांच्या चोरट्या चहापेक्षाही स्वस्त पडणार होता.

म्हणजे स्वस्त चहा प्यायचा आणि त्याबरोबर कर लावण्याचा पार्लमेंटचा हक्कही गिळायचा. चोरटा व्यापार करणाऱ्यांचा धंदा बसणार होता, सचोटीचे व्यापारी मक्तेदारीनं मरणार होते, आणि बोस्टनच्या अडत्यांत आता गव्हर्नर झालेल्या हचिन्सनचे दोन मुलगे होते. तत्त्व आणि पोट दोन्ही एका बाजूला आले. शिवाय कंपनीनं बंगालचं काय केलं हे तिथे ठाऊक होतं. पेनसिल्व्हेनियाचा जॉन डिकिन्सन याच्या नावावर मोडणाऱ्या एका पत्रकात बंगालच्या भूकबळींचा दाखला देऊन बजावलं होतं की आता हीच कंपनी अमेरिकेकडे वळते आहे. बंगालमधल्या माणसांच्या मरणाची आठवण फिलाडेल्फियात निघाली, ही गोष्ट आपल्या पुस्तकांत यायला हवी.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाची जहाजं परत गेली. बोस्टनमध्ये हचिन्सन हटला नाही. जहाज आल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त होणार होता. मुदतीच्या आदल्या दिवशी, १६ डिसेंबरला, ओल्ड साउथ सभागृहात हजारो लोक जमले. संध्याकाळी गव्हर्नरचा शेवटचा नकार आला. मोहॉक लोकांसारखे वेष करून माणसं ग्रिफिनच्या धक्क्यावर गेली आणि डार्टमथ, एलिनोर, बीव्हर या तीन जहाजांवरच्या सुमारे ३४० पेट्या फोडून त्यांतला ९२,००० पौंडांहून जास्त वजनाचा चहा पाण्यात टाकला. कंपनीनं नुकसान मांडलं ९,६५९ पौंड. दुसरं काहीही लुटलं नाही.

तो चहा आपल्याकडचा, आसामचा होता का?

नाही. सगळा चीनचा, बराचसा बोहिआ नावाचा साधा काळा चहा. आसामात कंपनीनं चहाची लागवड सुरू केली ती १८३० नंतर.

ब्रिटननं काय शिक्षा केली?

चहाची भरपाई होईपर्यंत १ जून १७७४ पासून बोस्टनचं बंदर बंद. मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून गावसभांवर लगाम. खटला चाललेले सरकारी अधिकारी दुसरीकडे न्यायची सोय. सैनिकांच्या निवासासाठी नवे अधिकार. हेतू असा की एकट्या बोस्टनला चोपलं की बाकीच्या गप्प बसतील. झालं उलटं: इतर वसाहतींनी बोस्टनला धान्य आणि गुरं पाठवली, आणि सप्टेंबरमध्ये जॉर्जिया सोडून बारा वसाहतींचे ५६ प्रतिनिधी फिलाडेल्फियात पहिल्या काँग्रेससाठी, म्हणजे वसाहतींच्या एकत्रित सभेसाठी, जमले. त्यांनी ब्रिटिश मालावर सरसकट बहिष्कार पुकारला आणि तो राबवायला गावोगावी समित्या नेमल्या. माझ्या मते खरं राज्य तेव्हाच बदललं. कुणी काय विकायचं, काय प्यायचं हे आता राजाचा गव्हर्नर नाही, गावची समिती ठरवू लागली.

पहिली गोळी कुणी झाडली?

१९ एप्रिल १७७५ च्या पहाटे लेक्झिंग्टनच्या मैदानावर ती सुटली. कुणाच्या बंदुकीतून, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. कॉनकॉर्डला साठवलेली हत्यारं जप्त करायला सुमारे ७०० सैनिक निघाले होते. पॉल रिव्हिअर आणि विल्यम डॉज यांनी रात्रीच घोडे दामटून गावांना खबर दिली. लेक्झिंग्टनला आठ गावकरी पडले. कॉनकॉर्डहून परतताना मात्र भिंती आणि झाडांआडून सैनिकांवर गोळ्या बरसल्या. संध्याकाळपर्यंत ब्रिटिशांचे ७३ ठार आणि दोनशे जखमी किंवा बेपत्ता.

लढाई एप्रिल १७७५ ला, घोषणा जुलै १७७६ ला. मधे सव्वा वर्ष काय चाललं होतं?

मन बनत नव्हतं. पार्लमेंटशी भांडण, पण राजाशी इमान, अशी बहुतेकांची भूमिका होती. जुलै १७७५ मध्ये काँग्रेसनं तिसऱ्या जॉर्जला समेटाचा अर्ज पाठवला. त्यानं तो घेतलाच नाही आणि वसाहती बंडखोर असल्याचं जाहीर केलं. मग जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेनची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका आली. पेन अमेरिकेत येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. त्यानं राजावरच हल्ला चढवला: वारसानं राज्य मिळणं हेच मुळात अडाणीपणाचं आहे. भाषा वकिलांची नव्हती, गुत्त्यात मोठ्यानं वाचता येईल अशी होती. आपले महात्मा फुले तरुणपणी वाचत होते तो हाच पेन, मात्र त्याचं ‘राइट्स ऑफ मॅन’ हे पुस्तक.

४ जुलैला नक्की काय झालं?

स्वातंत्र्याचा ठराव मंजूर झाला २ जुलैला, बारा विरुद्ध शून्य, न्यूयॉर्क तटस्थ. ४ जुलैला त्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंजूर झाला. बहुतेकांनी सह्या केल्या २ ऑगस्टला. जॉन अ‍ॅडम्सनं बायकोला लिहिलं होतं की पुढच्या पिढ्या २ जुलैचा सण करतील.

मसुदा मुख्यतः टॉमस जेफरसनचा. त्यात राजाविरुद्ध एकामागून एक तक्रारी आहेत, पार्लमेंटचं नाव मात्र नाही. हे मुद्दाम: पार्लमेंटचा आपल्यावर कधी हक्कच नव्हता अशी भूमिका घेतली, तर नातं तोडायचं उरतं फक्त राजाशी. ९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये जाहीरनामा वाचला गेला आणि लोकांनी राजाचा शिशाचा अश्वारूढ पुतळा पाडला. त्या शिशाच्या गोळ्या ओतल्या गेल्या.

‘सर्व माणसं समान’ लिहिणाऱ्याकडे गुलाम होते?

हो. जेफरसननं आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. मसुद्यात त्यानं गुलामांच्या व्यापाराचा दोष राजावर टाकणारा परिच्छेद लिहिला होता, तो काँग्रेसनं काढून टाकला. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियाला तो नको होता, आणि गुलामांची वाहतूक करणाऱ्या उत्तरेतल्या व्यापाऱ्यांनाही.

गुलामांनी मात्र स्वातंत्र्य हा शब्द ऐकला होता. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर यानं जाहीर केलं की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूनं लढतील ते मुक्त. शेकडो जण जिवावर उदार होऊन त्याच्याकडे पोचले. त्यांच्यासाठी स्वातंत्र्याची बाजू लाल कोटांची होती. युद्धकाळात हजारो गुलाम असे पळाले. उत्तरेत काही बदललं: पेनसिल्व्हेनियानं १७८० मध्ये टप्प्याटप्प्यानं मुक्तीचा कायदा केला. दक्षिणेतल्या गुलामांना १८६५ पर्यंत थांबावं लागलं, आणि तेही आणखी एका युद्धानंतर. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना.

सगळे अमेरिकन एका बाजूला होते का?

मुळीच नाही. राजनिष्ठांची संख्या मोठी होती, आणि घरंही फुटली. बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर होता, तो राजाच्या बाजूनं राहिला आणि कैदेत पडला. बापलेकाचं पुढे कधी जमलं नाही. राजनिष्ठांना डांबर फासून पिसं चिकटवण्याचे प्रकार झाले, जमिनी जप्त झाल्या. युद्धानंतर सुमारे ६०,००० जण देश सोडून गेले.

मूलनिवासींतही फूट पडली. हॉडेनोशोनी (इरोक्वॉय) या जमातींच्या संघातले मोहॉक जोसेफ ब्रँटच्या मागे ब्रिटिशांकडे, ओनायडा अमेरिकनांकडे. १७७९ मध्ये अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनच्या आज्ञेवरून जनरल सलिव्हनच्या फौजेनं या संघाची सुमारे ४० गावं उभ्या पिकांसकट जाळली. युद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या तहात मूलनिवासींचा उल्लेखही नाही.

बायकांचा वाटा?

बहिष्कार त्यांच्यावरच उभा होता. चहा आणि कापड घरात येणार की नाही हे त्या ठरवत. सूतकताईच्या सभा भरत, घरी विणलेलं जाडंभरडं कापड घालणं मानाचं झालं. स्वदेशीचा हाच धागा आपण पुढे ओळखू. १७७४ मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या ईडेंटनमध्ये ५१ बायकांनी आपल्या नावानिशी बहिष्काराच्या कागदावर सह्या केल्या. लंडनमध्ये त्यांची व्यंगचित्रं निघाली. अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सनं मार्च १७७६ मध्ये नवऱ्याला लिहिलं की नव्या कायद्यांत बायकांना विसरू नका. जॉननं ते हसण्यावारी नेलं.

कॅनडा का नाही आला?

क्विबेकच्या फ्रेंच कॅथलिकांना १७७४ च्या कायद्यानं त्यांचा धर्म आणि दिवाणी कायदा राखू दिला होता, आणि मॅसॅच्युसेट्सच्या कडव्या प्रोटेस्टंटांवर त्यांचा विश्वास नव्हता. १७७५ च्या शेवटच्या दिवशी अमेरिकनांनी क्विबेकवर हल्ला केला तो सपाटून फसला.

मग एवढ्या बलाढ्य ब्रिटनला हरवलं कसं?

न हरता टिकून. वॉशिंग्टननं मैदानात जिंकल्यापेक्षा जास्त लढाया हरल्या, पण फौज मोडू दिली नाही. ऑक्टोबर १७७७ मध्ये सॅराटोगाला एक आख्खी ब्रिटिश फौज शरण आली, आणि फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सनं उघड हात दिला. पैसा, दारूगोळा आणि मुख्य म्हणजे आरमार. १७८१ मध्ये फ्रेंच आरमारानं चेसापीकचं तोंड अडवलं, जमिनीकडून वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशाँबो आले, आणि यॉर्कटाऊनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस १९ ऑक्टोबरला शरण आला. अंतिम तह ३ सप्टेंबर १७८३ चा.

त्या वेळी आपल्याकडे काय चाललं होतं?

चहाचा कायदा झाला त्याच १७७३ मध्ये, कंपनीच्या त्याच दिवाळखोरीतून, रेग्युलेटिंग ॲक्टही आला. त्यानं मुंबई आणि मद्रास कलकत्त्याच्या ताब्यात दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. मार्च १७७५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी रघुनाथरावांशी सुरतचा तह केला, म्हणजे लेक्झिंग्टनच्या महिनाभर आधी. कलकत्त्यानं तो अमान्य करून मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रज फौजेला कोंडीत पकडून तहावर सही करायला लावली. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात आला तेव्हा नाना फडणवीसांनी त्याची चांगली बडदास्त ठेवली आणि इंग्रजांची झोप उडवली. फ्रेंचांची धास्ती दोन्हीकडे एकच होती. सालबाईचा तह मे १७८२ चा, यॉर्कटाऊननंतर सात महिन्यांनी.

अमेरिकेच्या युद्धातून पेटलेल्या या जगभरच्या झगड्यातली शेवटची मोठी लढाईही भारतातच झाली, जून १७८३ मध्ये, तमिळ किनाऱ्यावर कडलूरला. युरोपात शस्त्रसंधी कधीच झाली होती, बातमी यायची होती.

यॉर्कटाऊनचा कॉर्नवॉलिस आणि आपला गव्हर्नर जनरल एकच का?

एकच. १७८६ मध्ये तो कलकत्त्याला आला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात टिपूविरुद्ध त्याच्या बाजूनं निजामाची फौज होती आणि हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजाही. टिपूला निम्मं राज्य आणि दोन मुलगे ओलीस द्यावे लागले. १७९३ चा बंगालचा कायमधारा त्याचाच. १८०५ मध्ये तो पुन्हा गव्हर्नर जनरल म्हणून आला, आणि काही आठवड्यांतच गंगेकाठी गाझीपूरला वारला. त्याची कबर आजही तिथे आहे.